सुरक्षित अंतराची सव्वाशे वर्षे
विस्फोटक विभाग ते पेसो: एका संस्थेची वाटचाल आणि आपला ठाणे–कल्याण–डोंबिवली पट्टा

दिवाळीत मैदानात उभा राहणारा फटाक्यांचा स्टॉल, कल्याण–शीळ रस्त्यावरचा पेट्रोल पंप, खडीच्या खाणीत लागणारे सुरुंग, रुग्णालयाच्या आवारातली ऑक्सिजनची टाकी आणि घरातला गॅस सिलिंडर या सगळ्यांचे नियम एकाच संस्थेच्या दप्तरात सापडतात. पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना हे तिचे आजचे नाव. उद्योगातले लोक तिला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘पेसो’ म्हणतात, तर जुने ठेकेदार अजूनही ‘एक्स्प्लोझिव्हचं ऑफिस’ म्हणतात. मुख्यालय नागपूरला आहे आणि आपल्या भागाचे कामकाज नवी मुंबईत सीबीडी बेलापूरच्या पश्चिम मंडळ कार्यालयातून चालते. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या या संस्थेची स्थापना ५ सप्टेंबर १८९८ची. २०२३मध्ये तिने सव्वाशे वर्षे पूर्ण केली.

या काळात कायदे बदलले, नियमांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, खुद्द संस्थेचे नावही बदलले. तिच्या कामाचा गाभा मात्र तोच राहिला. स्फोट होऊ शकणारा माल एका बाजूला, माणसांची वस्ती दुसऱ्या बाजूला आणि मध्ये मोजून राखलेली मोकळी जागा. आपल्या पट्ट्याचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास ही मोकळी जागा आक्रसत जाण्याचा आहे. म्हणून या स्मरणिकेत संस्थेची वाटचाल सांगताना आपल्या भागाची कहाणीही तिच्या जोडीने सांगितली आहे.

स्थापनेपूर्वीचा काळ

मुंबई इलाख्याला दारूगोळ्याचे धोके नवे नव्हते. कंपनी सरकारच्या काळात माझगावात बंदुकीची दारू तयार होत असे आणि रे रोडजवळच्या दारूखान्याचे नाव आजही त्या साठ्यांची आठवण देते. असे साठे तेव्हा गावकुसाबाहेर ठेवत. पुढे शहर वाढत वाढत त्यांच्या पलीकडे गेले.

रेल्वे आली आणि स्फोटकांचा वापर लष्कराबाहेर पडला. १८५३मध्ये गाडी ठाण्याला पोहोचली आणि १ मे १८५४ रोजी कल्याणला. पुढचे काम खरे अवघड होते. कल्याणहून एक मार्ग बोरघाटाकडे जायचा होता, दुसरा थळघाटाकडे, आणि दोन्हीकडे सह्याद्रीचा काळा पत्थर फोडायचा होता. एकट्या बोरघाटात २५ बोगदे खोदले गेले. तोवर डायनामाइट यायचे होते, त्यामुळे सगळी मदार काळ्या दारूवर होती. पहारीने भोक पाडायचे, दारू ठासायची, बत्ती द्यायची आणि पळायचे. ठासताना लोखंडी गजाची ठिणगी पडली की काम करणाऱ्यालाच उडवायची. न उडालेल्या सुरुंगाजवळ घाईने परतणे हे तर मृत्यूचे ठरलेले कारण. घाटात मेलेल्या मजुरांच्या यादीत साथीच्या रोगांनी गेलेले जास्त असतील, पण सुरुंगाने गेलेलेही थोडे नव्हते. बोरघाटाचे काम १८६३मध्ये पुरे झाले, थळघाटाचे १८६५मध्ये. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६७मध्ये, आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइटचे पेटंट घेतले. त्याआधी १८६४मध्ये नायट्रोग्लिसरिनच्या स्फोटात त्यांचा धाकटा भाऊ एमिल गेला होता.

कायद्याची पहिली मांडणी विलायतेत झाली. २ ऑक्टोबर १८७४च्या पहाटे लंडनच्या रीजंट्स पार्कजवळ कालव्यातून जाणारी एक बोट उडाली. तिच्यात बंदुकीच्या दारूच्या जोडीने पेट्रोलियमही भरले होते. दुसऱ्याच वर्षी ब्रिटिश संसदेने विस्फोटक कायदा केला आणि मुख्य निरीक्षक म्हणून मेजर व्हिव्हियन मजेंडी यांनी त्याची घडी बसवली. हिंदुस्थानात त्याच धर्तीवर १८८४चा विस्फोटक कायदा आला. तो राबवण्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ विभाग निघायला आणखी चौदा वर्षे लागली. १८९८मध्ये निघालेल्या त्या विभागाच्या प्रमुखाचा हुद्दा मुख्य विस्फोटक निरीक्षक असा होता. आज त्याच हुद्द्याला मुख्य विस्फोटक नियंत्रक म्हणतात.

दोन कायदे, दोन वाटा

विभागाला जेमतेम दहा वर्षे होतात तोच बॉम्बचे युग सुरू झाले. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला आणि ८ जूनला सरकारने स्फोटक पदार्थांचा स्वतंत्र फौजदारी कायदा केला. दुसऱ्याच दिवशी, ९ जूनच्या ‘केसरी’त लोकमान्य टिळकांनी सरकारच्या या दडपशाहीवर अग्रलेख लिहिला. राजद्रोहाच्या ज्या खटल्यात त्यांना मंडालेची शिक्षा झाली त्यात हा अग्रलेखही पुराव्यात होता.

मराठी वाचकाच्या मनात स्फोटकांचा कायदा म्हटले की हाच इतिहास जागा होतो. विभागाचे रोजचे काम मात्र १८८४च्या कायद्याने चालते. त्या कायद्याच्या दृष्टीने स्फोटक हा एक व्यापारी माल आहे. तो बनवायचा, साठवायचा, वाहून न्यायचा आणि वापरायचा असतो, आणि यातल्या प्रत्येक टप्प्यावर परवाना लागतो. गुन्हेगाराचा शोध घेणे पोलिसांकडे राहिले. प्रामाणिक माणसाच्या हातून अपघात होऊ नये याची काळजी विभागाने घ्यायची, अशी ही वाटणी झाली. १९१४, १९४०, १९८३ आणि २००८ अशा टप्प्यांनी विस्फोटक नियमांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, त्या याच कामासाठी.

१९१४च्या नियमांच्या सुमारास आपल्या भागात पारसिकचा डोंगर फोडला गेला. १९१६मध्ये सुरू झालेला हा सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा २०२२पर्यंत ठाणे–कल्याण जलद लोकलचा रस्ता होता. तानसा, पुढे भातसा, बारवी अशी धरणे झाली, डोंगरांच्या कडेने खडीच्या खाणी निघाल्या. सुरुंगवाला, जिलेटिनच्या कांड्या, केप (म्हणजे डिटोनेटर) आणि बत्ती ही या पट्ट्यातल्या कामगारांच्या रोजच्या बोलण्यातली भाषा झाली.

१४ एप्रिल १९४४

विभागाच्या इतिहासातला सर्वांत काळा दिवस मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतला. ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती. त्याच जहाजात कराचीहून कापसाच्या हजारो गासड्या भरल्या होत्या, शिवाय तेलाची पिंपे आणि सोन्याच्या विटाही होत्या. कापूस आणि दारूगोळा एकत्र ठेवायचा नाही हे कुणाला ठाऊक नव्हते असे नाही. पण युद्ध चालू होते आणि जहाजे कमी पडत होती. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही जहाजावर नव्हता.

दुपारी आग दिसली. जहाज बुडवायचे की बाहेर ओढायचे, हा निर्णय घेण्यात मोलाची वेळ गेली. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. या स्फोटांचा हादरा सिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान गेले. एकूण मृतांचा आकडा आठशेच्या वर गेला. आज देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो याच घटनेच्या स्मरणार्थ.

सुरक्षेच्या प्रशिक्षणात हे उदाहरण आजही शिकवतात, कारण त्यात एकाच ठिकाणी तीन चुका दिसतात. न जुळणारा माल शेजारी ठेवला गेला. धोक्याची माहिती घटनास्थळी येणाऱ्यापर्यंत पोहोचली नाही. आणि आग लागल्यावर अंतिम शब्द कुणाचा हे ठरलेले नव्हते. पुढे डोंबिवलीत काय घडले ते पाहताना हे तीन मुद्दे ध्यानात ठेवावेत.

मॅगझिनच्या आत

स्फोटकांच्या परवानाधारक कोठाराला या धंद्यात मॅगझिन म्हणतात. वस्तीपासून दूर, कुंपणात, एकमजली, साधी दिसणारी खोली. तपासणीला आलेला अधिकारी त्यात काय पाहतो, हे नव्या सुरक्षा अधिकाऱ्याने एकदा तरी समजून घ्यावे.

सुरुवात बाहेरूनच होते. सभोवती पंधरा मीटरपर्यंत वाळलेले गवत, झुडपे नकोत. पावसाळ्यात माजलेले गवत दिवाळीनंतर वाळते आणि मग एखाद्या विडीचे थोटूकही पुरते. वीजरोधकाची दरवर्षी चाचणी झालेली असावी. मातीचा बांध ढासळलेला नसावा, कारण आत काही झालेच तर तो दाब आणि उडणारे तुकडे वरच्या दिशेला वळवतो. मग दार. बिजागऱ्या, खिळे, कडी यांत ठिणगी पाडणारे उघडे लोखंड नको. आत जाताना नाल मारलेले बूट बाहेर काढायचे. काडेपेटी, लायटर आणि मोबाइल बाहेरच ठेवायचे. माल रचलेल्या रांगांमध्ये हवा खेळेल एवढी जागा हवी, आणि जुना माल आधी बाहेर जाईल अशी मांडणी हवी, कारण जुनी स्फोटके घामेजतात, बिघडतात. पेट्या मॅगझिनमध्ये उघडायच्या नाहीत, त्या बाहेर नेऊन लाकडी किंवा पितळी हत्याराने उघडायच्या. डिटोनेटर आणि कांड्या एका खोलीत कधीच ठेवायच्या नाहीत. हाताळणी सूर्योदय ते सूर्यास्त एवढ्याच वेळेत करायची आणि आभाळात गडगडाट सुरू झाला की काम थांबवायचे. शेवटी नोंदवही: आलेला, गेलेला आणि शिल्लक माल मोजून जुळला पाहिजे.

कारखान्यात हीच शिस्त आणखी कडक होते. प्रत्येक शेडच्या बाहेर दोन आकडे रंगवलेले असतात: आत एका वेळी किती माणसे आणि किती किलो स्फोटक. काम वेगाने व्हावे म्हणून दोन माणसे जास्त उभी केली किंवा पुढच्या पाळीचा माल आधीच आणून ठेवला, की हे आकडे मोडतात. अपघात टाळता आला नाही तरी मृतांची संख्या कमी ठेवता येते, हा या दोन आकड्यांमागचा विचार आहे. घर्षण, आघात, उष्णता, स्थिर वीज आणि भेसळ ही स्फोटाची पाच नेहमीची कारणे. सुती कपडे, तांब्याच्या पट्टीला हात लावून आत जाण्याची सवय, भांडी खरवडण्याऐवजी धुण्याचा नियम, हे सगळे त्या पाचांवरचे उतारे आहेत. अठरा वर्षांखालच्या कुणालाही या कामावर ठेवता येत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे ते अंतराचे गणित. स्फोटाचा हवेतला दाब अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. साठा आठपट केला तर सुरक्षित अंतर दुप्पट करावे लागते, कारण ते साठ्याच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. या हिशोबाचे कोष्टक नियमांना जोडलेले आहे. घरे, शाळा, रुग्णालये, देवळे, बाजार, रेल्वेमार्ग ही सगळी संरक्षित ठिकाणे. त्यांच्यापासून इतक्या मीटरवर इतकेच किलो, असा हिशोब परवान्यात नकाशासह नोंदवलेला असतो. पुढे त्या अंतरात कुणी घर बांधलेच, तर मालकाला ‘आम्ही आधी आलो’ असे म्हणून सुटता येत नाही. वस्ती जवळ आली की साठा कमी करावा लागतो, नाहीतर परवाना जातो. माणसाच्या बाजूने इतका स्पष्ट झुकणारा नियम औद्योगिक कायद्यात क्वचितच सापडेल.

फटाक्यांच्या स्टॉलपासून सिलिंडरपर्यंत

विभागाचा सामान्य माणसाशी सर्वांत जास्त संबंध येतो तो दिवाळीत. तात्पुरत्या दुकानाचा परवाना स्थानिक पातळीवरच मिळतो, पण अटी केंद्रीय नियमांच्याच: १०० किलो फटाके आणि ५०० किलोपर्यंत फुलबाज्या, शेड न जळणाऱ्या साहित्याची, दोन दुकानांत किमान ३ मीटर आणि संरक्षित ठिकाणांपासून ५० मीटर अंतर, दुकाने समोरासमोर नकोत, उघडी ज्योत नको, दिवे वायरला लोंबते नकोत, एका समूहात ५०पेक्षा जास्त दुकाने नकोत. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत मोकळी मैदाने कमी होत चालली तशी या अटी पाळणे दरवर्षी अवघड होत आहे. सोसायटीच्या फाटकाशी टेबल टाकून फटाके विकणाऱ्याला त्या ठाऊकही नसतात.

फटाक्यांच्या निर्मितीत विभागाने केलेली एक मोठी सुधारणा लोकांना फारशी माहीत नाही. पोटॅशियम क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण जरा घासले गेले तरी पेटते. स्वस्त म्हणून वर्षानुवर्षे ते वापरले गेले आणि त्याने अनेकांचे बळी घेतले. १९९२मध्ये केंद्राने या मिश्रणाच्या फटाक्यांवर बंदी घातली. आज शिवकाशीला फटाक्यांसाठी, तर नागपूरजवळ गोंडखैरीला इतर मालासाठी संस्थेची चाचणी केंद्रे आहेत.

पेट्रोलियम, दाबाखालचे वायू आणि त्यांच्या टाक्या हे विषय विसाव्या शतकात एकेक करून विभागाकडे आले. गॅस सिलिंडरचे पहिले नियम १९४०चे आहेत, आणि त्यांसाठी दाबाखालचा वायू कायद्याने चक्क ‘विस्फोटक’ ठरवण्यात आला. त्याचा माग घरोघर दिसतो. सिलिंडरच्या मुठीला जोडणाऱ्या पट्टीवर आतल्या बाजूने एक अक्षर आणि वर्षाचे दोन अंक रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, आणि तसेच पुढे. त्या तिमाहीत सिलिंडरची पुढची दाबचाचणी व्हायला हवी. मुदत उलटलेला सिलिंडर घरात घ्यायचा नाही, एवढी तपासणी कुणालाही करता येते.

यादी अलीकडेही वाढली. खताच्या पोत्यात दिसणारे अमोनियम नायट्रेट २०११मध्ये विस्फोटक म्हणून जाहीर झाले आणि २०१२मध्ये त्याचे स्वतंत्र नियम आले. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेले २,७५० टन अमोनियम नायट्रेट उडाले, तेव्हा जगभरच्या बंदरांनी आपापली गोदामे उघडून पाहिली. चेन्नईजवळही जप्त केलेला सुमारे ७०० टनांचा साठा पडून होता. तो तातडीने हलवावा लागला.

साठ वर्षांपूर्वीची वसाहत

आता आपल्या अंगणात येऊ. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट, मग अंबरनाथ, डोंबिवली अशा वसाहती उभ्या राहिल्या. डोंबिवलीच्या फेज १ आणि फेज २मध्ये रसायने, रंग, कापडप्रक्रिया असे उद्योग आले आणि त्यांना लागूनच निवासी विभागही आखला गेला. कामगाराला चालत कामावर जाता यावे हा त्या काळाचा विचार होता. सोनारपाडा, सागाव, आजदे ही गावे तर त्याही आधीची. १९८३मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका झाली, लोकल भरून येत राहिल्या, इमारती वाढल्या आणि कारखान्याची मागची भिंत ही इमारतीची पुढची भिंत झाली.

या वसाहतीतल्या बहुतेक कारखान्यांना विस्फोटकाचा परवाना लागत नव्हता, कारण कायद्याच्या अर्थाने ते स्फोटक बनवत नव्हते.

२६ मे २०१६ रोजी दुपारी बाराच्या आधी प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यात स्फोट झाला. १२ जण गेले, दोनशेहून अधिक जखमी झाले, दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने चौकशी केली. प्रोपार्जिल क्लोराइड या अतिज्वलनशील आणि स्फोटक स्वभावाच्या रसायनाजवळ वेल्डिंगचे काम चालू असल्याचे तिच्या चौकशीतून पुढे आले. पुढे तो अहवाल माहितीच्या अधिकारातून नागरिकांच्या हाती आला.

आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी दुपारी, फेज २मधल्या अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. सुरुवातीच्या बातम्या बॉयलरच्या होत्या, मग पेरॉक्साइडचे नाव पुढे आले. दहाहून अधिक कामगारांचा बळी गेला. काहींची ओळख डीएनए चाचणीनेच पटवावी लागली. आजूबाजूचे कारखानेही बेचिराख झाले.

सेंद्रिय पेरॉक्साइड हे प्लॅस्टिक आणि रेझिन उद्योगाला रोज लागणारे रसायन. त्याची प्रत्येक जात एका ठरावीक तापमानापर्यंतच शांत असते. त्यापुढे ते स्वतःच विघटित होऊ लागते, विघटनातून उष्णता निघते आणि ती उष्णता विघटन आणखी वाढवते. थंडावा देणारी यंत्रणा बंद पडली, गंजाचा कण मिसळला किंवा शेजारच्या पिंपातल्या ॲमीनशी संपर्क आला तरी ही साखळी सुरू होऊ शकते. मॅगझिनमध्ये कांड्या आणि डिटोनेटर वेगळे ठेवण्याची जी शिस्त आहे, तीच इथेही हवी. पण ती सक्तीची करणारी एकच एक यंत्रणा इथे नाही. कारखान्याची सुरक्षा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, म्हणजे लोकांच्या भाषेत फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे. बॉयलर बाष्पके संचालनालयाकडे, सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, भूखंड एमआयडीसीकडे, आणि पेट्रोलियमचा साठा असेल तर तेवढा पेसोकडे.

कायदे नाहीत असे नाही. भोपाळनंतर १९८७मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण आले. कामगारांना आणि परिसरातल्या लोकांना धोक्याची माहिती देणे मालकाला बंधनकारक झाले. १९८९च्या नियमांनी कारखान्याच्या आतला आणि बाहेरचा असे दोन आपत्कालीन आराखडे आणले. १९९६मध्ये राज्य, जिल्हा आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट ठरले. पण साठा यादीतल्या मर्यादेपेक्षा कमी असला की यातली अनेक बंधने लागू होत नाहीत. आणि वस्ती जवळ आली म्हणून साठा कमी करायला लावणारे, मॅगझिनला लागू असणारे ते गणित या कायद्यांत नाही. कारखाने पाताळगंगेला हलवण्याची घोषणा २०२२मध्ये झाली. २०२४चा स्फोट त्यानंतरचा आहे.

परवान्याने भागत नाही

याचा अर्थ परवान्याच्या चौकटीत सगळे आलबेल आहे असाही नाही. १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूर जिल्ह्यातल्या बाजारगाव इथल्या स्फोटक कारखान्यात ९ कामगार गेले, त्यांतल्या बहुतेक महिला होत्या. जून २०२४मध्ये त्याच जिल्ह्यात धामणा इथे पुन्हा बळी गेले. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या आयुधनिर्माणीत ८ जण गेले. यांतली आयुधनिर्माणी पेसोच्या कक्षेबाहेरची, संरक्षण खात्याच्या स्वतंत्र नियमांखालची. अंबरनाथची आयुधनिर्माणी तोफगोळ्यांची धातूची अंगे बनवते, त्यामुळे तिचा धोका वेगळ्या जातीचा. तरी आपल्या भागातल्या अनेक कुटुंबांचे नातलग खडकी, वरणगाव, भंडारा, भद्रावतीला नोकरीला आहेत आणि अशी बातमी आली की इकडचे फोन वाजू लागतात.

संस्थेने यातून शिकून काही पावले उचलली. स्फोटकांच्या पेट्यांचा कारखान्यापासून खाणीपर्यंतचा प्रवास आता संगणकावर नोंदवला जातो. खाणकामगारांच्या दोन पिढ्यांनी वापरलेल्या विजेच्या डिटोनेटरवर १ एप्रिल २०२५पासून देशात बंदी आली. स्थिर वीज, भटका विद्युतप्रवाह किंवा आकाशातली वीज एवढ्यानेही ते उडू शकत. त्यांची जागा सांकेतिक आज्ञेशिवाय न उडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डिटोनेटरने घेतली. खर्च वाढला म्हणून खाणमालकांनी कुरकुर केली, पण बंदी टिकली.

या इतिहासातून घ्यायचे ते

सव्वाशे वर्षांच्या या वाटचालीत एक क्रम सतत दिसतो. आधी स्फोट, मग चौकशी, मग नियम, आणि यादीत एक नवा पदार्थ. रीजंट्स पार्कनंतर कायदा, भोपाळनंतर धोकादायक प्रक्रियांचे प्रकरण, बैरूतनंतर अमोनियम नायट्रेटचे आधीचे नियम अधिक कडक. डोंबिवलीत दोन मोठे स्फोट होऊन गेले, तरी तिथे जे उडाले ते अजून या यादीच्या उंबरठ्याबाहेरच आहे. दाबाखालचा वायू कायद्याने विस्फोटक ठरू शकला, तर आपोआप विघटित होणाऱ्या रसायनांसाठी साठा आणि अंतर यांचे कोष्टक करणे अशक्य नाही. त्यासाठी नवे विज्ञान शोधावे लागणार नाही.

तोवर या पट्ट्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्यांना, कारखानदारांना आणि निवासी विभागातल्या सोसायट्यांना एक काम आजच करता येईल. पेसोचा अधिकारी मॅगझिनच्या दारात जे विचारतो तेच प्रत्येक रासायनिक कारखान्याला विचारायचे: आत सर्वांत जास्त किती माल असतो, त्याच्या शेजारी काय ठेवले आहे, आणि सर्वांत जवळचे घर किती मीटरवर आहे. ही माहिती परिसरातल्या लोकांना देण्याचे बंधन १९८७पासून कायद्यातच आहे. स्थानिक आपत्ती गटाने ही तीन उत्तरे कारखानावार एका नकाशावर मांडून तो अग्निशमन केंद्रात आणि वॉर्ड कार्यालयात लावावा. पुढच्या वेळी बंब निघेल तेव्हा आत काय आहे हे जवानांना फाटकाशी पोहोचण्याआधी कळलेले असेल. कोणत्या कारखान्याचा साठा कमी करायचा आणि कोणता आधी हलवायचा, हा वादही मग त्याच नकाशावरच्या आकड्यांवर होऊ शकेल.